शिकाऊ विमानाची निगा

मोटार हांकावयास शिकणाऱ्या माणसाच्या हातीं आपण सहसा घरांतली नवी गाडी देत नाहीं. चेपलेली, रंग उडालेली, दोन-चार ठिकाणीं खरचटलेली जुनी गाडीच त्या कामीं बरी, असें आपण समजतों. आणि तें वावगेंहि नाहीं, कारण मोटार मध्येंच बंद पडली तर रस्त्याच्या कडेस उभी राहते, एवढेंच. विमानविद्येंत हा न्याय उलटा आहे. ज्यानें पूर्वीं कधीं विमानाच्या दांड्याला हात लावलेला नाहीं, अशा तरुण मुलाच्या हातीं जें विमान द्यावयाचें, तें सर्वांत विश्वासू असावें लागतें. आणि नेमके त्याचेच हाल सर्वांत अधिक होतात. एकाच यंत्रानें भरपूर मार खावा आणि तरीहि भरंवशास पात्र राहावें, हें जमतें कसें? याचें उत्तर हँगरच्या फरशीवर सांपडतें, आणि आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें त्या फरशीवरच्या कामाविषयीं.

हा विषय मराठवाड्याला वाटतो तितका परका नाहीं. नांदेडहून लातूरला जातांना वाटेंत लागणारें अहमदपूर आज लातूर जिल्ह्यांत असलें, तरी १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यांत मोडत असे. आणि त्या बीदरला आज हवाई दलाचा तळ असून तेथें हॉक जातीच्या जेट विमानांवर वैमानिकांना पुढचें शिक्षण मिळतें. त्याच्याहि आधींची, म्हणजे मुळाक्षरें गिरवण्याची शाळा हैदराबादेजवळ दुंडीगल येथें आहे. अहमदपुरांतल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तोंडीं राजधानी म्हणजे हैदराबाद असेंच असे, त्या घरांतला एखादा नातू किंवा नात उद्यां त्या शाळेंत जाईल. 'विमान केव्हां चालवणार?' असें सारें घर विचारील. पण तें विमान रोज सकाळीं कोण तपासतो, हें विचारण्याचें कोणाला सुचेल असें मला वाटत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर टायगर मॉथ नांवाच्या विमानांवर वैमानिक तयार होत. लांकडी सांगाड्याचे पंख आणि त्यांवर ताणून बसविलेलें कापड, अशी ती रचना. त्यामुळें निगा राखणाऱ्या फिटराच्या पेटींत पान्यांबरोबर सुईदोराहि असे. पुढें धातूचीं विमानें आलीं. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्यानें एचपीटी-३२ अथवा 'दीपक' नांवाचें शिकाऊ विमान केलें. त्याचें एंजिन मोटारीच्या एंजिनाच्याच कुळांतलें, दट्ट्यांवर चालणारें होतें. हें विमान अनेक वर्षें कामीं आलें, परंतु उड्डाणांत एंजिन बंद पडण्याची खोड त्यास जडली होती. जुलै १९०९ नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखतची, जुलै २००९ मधील गोष्ट: अशाच एका अपघातांत दोघे वैमानिक गेले आणि त्यानंतर सर्व दीपक विमानें जमिनीवर बसविण्यांत आलीं. तोंवर या जातीच्या विमानांच्या १७ अपघातांत १९ वैमानिक गेले होते, असा हिशेब तेव्हां प्रसिद्ध झाला. मग नवशिक्या मुलांना एकदम किरण या जेट विमानावर श्रीगणेशा करावा लागला. ही सोय नव्हे, अडचणच होती.

ती दूर करण्यासाठीं २०१२ सालीं स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीकडून पीसी-७ मार्क-२ जातीचीं ७५ विमानें घेण्याचा करार झाला, आणि मे २०१३ मध्यें तीं दुंडीगल येथें रीतसर कामावर रुजू झालीं. दरम्यान आपल्या कारखान्यानें बंगलोरास स्वतःचें एचटीटी-४० विमान रचावयास घेतलें होतें. तें ३१ मे २०१६ रोजीं प्रथम उडालें. मार्च २०२३ मध्यें अशा ७० विमानांचा करार झाला, आणि त्यांच्या बांधणीची दुसरी शाखा १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं आपल्या नासिकजवळ ओझर येथें उघडण्यांत आली. ओझरचा हा कारखाना १९६४ पासूनचा; मिग विमानें जोडणाऱ्या आणि सुखोई विमानें उघडून पुन्हां बांधणाऱ्या हातांची तेथें परंपरा आहे. म्हणजे शिकाऊ विमान आतां मराठी कारागिरांच्याहि हातून बाहेर पडावयाचें आहे.

पिलाटस काय किंवा एचटीटी-४० काय, दोन्हीं विमानें टर्बोप्रॉप जातीचीं आहेत. म्हणजे काय, तें आधीं पाहूं; कारण रोग समजावयाचा तर प्रकृति माहीत हवी. लातुराकडच्या साखर कारखान्यांत वाफेवर फिरणारें टर्बाइन ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें सोपें जाईल. तेथें वाफेचा झोत पात्यांच्या चक्रावर सोडतात. येथें वाफेऐवजीं तापलेल्या हवेचा झोत असतो. बाहेरची हवा आंत ओढून दाबावयाची, तींत घासलेटाच्या जातीचें इंधन जाळावयाचें आणि तो धगधगता वारा टर्बाइनच्या पात्यांवर सोडावयाचा. टर्बाइन फिरलें कीं त्याच्या बळावर नाकावरील पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरतो. दट्ट्याच्या एंजिनांत जो धक्का आणि थरथराट असतो तो येथें नाहीं. बिघाडाच्या जागा कमी, आणि म्हणून विश्वास अधिक.

परंतु या दोन विमानांच्या एंजिनांच्या प्रकृतींत एक मोठा फरक आहे. पिलाटसचें पीटी-६ एंजिन हें दोन जीवांचें आहे. घरांत दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. तसेंच येथें आहे. एक चक्र हवा दाबणाऱ्या भात्याला फिरवतें, दुसरें प्रॉपेलरला. दोहोंमध्यें दांड्याचा संबंध नाहीं, केवळ वाऱ्याचा आहे. भात्याचें चक्र मिनिटाला सुमारें ३७ हजार फेरे घेतें, आणि प्रॉपेलर मात्र दांतेरी चाकांच्या पेटींतून मंद होऊन दोन हजारांच्या आसपास. एचटीटी-४० चें टीपीई-३३१ एंजिन एकाच दांड्याचें आहे. भाता, टर्बाइन आणि प्रॉपेलर हे सारे एकमेकांस बांधलेले. याचा परिणाम असा कीं, तें बंद केल्यावर मिस्त्री प्रॉपेलर हातानें सावकाश फिरवतो. पाहणाराला वाटावें, हा खेळ कशाला? पण बंद एंजिनांतली उष्णता वर चढते, दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षां अधिक तापते, आणि एका अंगानें उन्हांत पडलेली फळी वांकावी तसा तो दांडा केसाइतका वांकतो. तेवढा बांकहि मिनिटाला चाळीस हजारांवर फेरे घेणाऱ्या दांड्यास खपत नाहीं. पिलाटसचा प्रॉपेलर असा हातानें फिरवला तर भाता जागचा हलणारहि नाहीं. हातानें करावयाचें एक क्षुल्लक काम, पण तें कां करावयाचें हें ज्याला ठाऊक नाहीं, तो एके दिवशीं कंटाळून तें सोडून देतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शिकाऊ विमान झिजतें कशानें? आपण म्हणूं, तासांनीं. मुंबईहून दिल्लीला जाणारें उतारूंचें विमान दोन तास उडतें. त्यांत एंजिन एकदां पेटतें, चाकें एकदां जमिनीला लागतात. शिकणारा मुलगा मात्र तासाभरांत पांच-सहा वेळां धांवपट्टीवर टेकतो, पुन्हां उठतो, पुन्हां टेकतो. आणि टेकणें ही कला त्यास अद्याप यावयाची असते! म्हणून येथें तासांइतकाच फेऱ्यांचाहि हिशेब ठेवतात: एंजिन किती वेळां गार होतें तें तापलें, आणि तापलेलें किती वेळां गार झालें. थंड कांचेच्या पेल्यांत कढत चहा ओतला तर तो एके दिवशीं तडकतो. तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकवली तर तुटते. टर्बाइनच्या चकत्यांचें आयुष्य अशाच फेऱ्यांत मोजलेलें असतें, आणि ती संख्या भरली कीं चकती आरशासारखी लखलखीत असली तरी काढून टाकतात. काटकसरी गृहस्थाच्या जिवाला हें लागण्यासारखें आहे, पण येथें काटकसर करण्याची जागाच नव्हे.

एंजिन पेटविण्याचें पहिलें अर्धें मिनिट हें त्याच्या दिवसांतलें सर्वांत कठीण. आधीं विजेच्या मोटारीनें भाता फिरवावयाचा. त्यानें पुरेसा वेग घेतला म्हणजे मगच इंधन सोडावयाचें. मुलानें घाई करून दांडी लौकर पुढें सारली, किंवा बॅटरी अशक्त असली, तर हवा थोडी आणि इंधन फार अशी स्थिति होते. उष्णतामापकाचा कांटा, जो एरवीं आठशें अंशांच्या आंतबाहेर राहावयाचा, तो हजारांच्या पलीकडे उडी घेतो. आमच्याकडे वैशाखांत हवाच तापून विरळ झालेली असते. तेव्हां तर अधिकच जपावें लागतें. ही उडी कांहीं सेकंदांची, पण त्या सेकंदांत टर्बाइनचीं पातीं जीं भोगतात त्याची भरपाई पुढें कितीहि सांभाळून उडवल्यानें होत नाहीं. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. एंजिन सुरू होतें, गोड आवाज देतें, आणि विमान उडतें. कांटा किती वर गेला व किती सेकंद तेथें राहिला, हें सांगितलें तर मिस्त्री एंजिन उघडून पाहील.

उघडून, म्हणजे सारें सुटें करून नव्हे. इंधनाच्या तोट्या बसविण्याचीं जीं भोंकें असतात त्यांतून एक बारीक, लवचिक दुर्बीण आंत सरकवतात. डॉक्टर पोटांत नळी सोडून पाहतात, तसाच हा प्रकार. पात्याची कड जळून खरबरीत झाली आहे काय, कोठें बारीक चीर आहे काय, पातें ताणून लांबलें आहे काय, हें एकेक करून पाहावयाचें. वंगणाच्या पेटींत एक चुंबकाची बोंडीहि बसविलेली असते. तेलांतून वाहत येणारा धातूचा कण ती धरून ठेवते, आणि पुरेसे कण सांचले कीं वैमानिकासमोर दिवा लागतो. बोंडीवर मऊ, बारीक भुकटी असेल तर ती नेहमींची झीज. चकाकणारी कपची निघाली तर कोठलें तरी दांतेरी चाक किंवा बेअरिंग आपला निरोप पाठवीत आहे असें समजावें.

रोजच्या सकाळच्या तपासणीला मात्र दुर्बिणी लागत नाहींत. प्रथम इंधन. रात्रींतून टांक्यांत दंव धरून पाणी तळाशीं बसतें. तें तळाच्या तोटींतून कांचेच्या पेल्यांत काढून उजेडांत धरतात. येथें एक फसगत आहे. इंधन व पाणी दोन्हीं जवळजवळ निर्मळ. पेल्यांत थोडें पाणी असलें तर खालीं थर दिसतो, पण पेला पाण्यानेंच भरला तर थर कोठला दिसणार? म्हणून पाणी लागतांच रंग बदलणारें औषध वापरतात, आणि जुना मिस्त्री शिवाय वास घेतो. पावसाळ्यांत या पाण्याच्या आणि इंधनाच्या सांध्यावर बुरशीसुद्धां वाढते, व ती गाळणी बुजवते.

मग प्रॉपेलर. त्याच्या पुढच्या कडेवर बोट फिरवीत जावयाचें. धांवपट्टीवरचा एखादा खडा उडून लागलेला असतो आणि नखानें कोरावी तेवढी खांच पडते. कापडाच्या दुकानांत आपण पाहतोंच: दुकानदार कात्रीनें कांठाला एक बारीक चीर देतो आणि मग हातानें टर्रकन् फाडतो. कापड घट्ट असतें, पण चीर जेथें आहे तेथें सारें बळ एकवटतें. प्रॉपेलरवर तीच गति. म्हणून ठराविक मर्यादेंतली खांच कानशीनें घांसून लांबट, गुळगुळीत उतार करतात; थोडा धातु गेला तरी चालतो, टोंकदार कोपरा राहतां कामा नये. मर्यादेबाहेरची असली तर पातें काढावयाचें.

तेलाची पातळी पाहण्यालाहि वेळ असते. पीटी-६ एंजिनांत ती बंद केल्यावर थोड्याच मिनिटांत, एंजिन गरम असतांनाच पाहतात. रात्रभर थंड पडलेल्या एंजिनांत तेल टांकींतून पाझरून इतरत्र उतरलेलें असतें. कांडी कमी दाखवते, आणि नवखा माणूस विनाकारण वर तेल ओततो. धूळ हा आमच्या प्रदेशाचा आणखी एक शत्रु. भात्याच्या पात्यांवर ती थर धरते व एंजिनाचा दम कमी होतो. म्हणून इंधन न पेटवतां नुसता भाता फिरवून त्यांत स्वच्छ पाण्याचा फवारा सोडून त्याला न्हाऊं घालतात. दम कमी झाला हें कळतें कसें? दर वेळीं ठराविक परिस्थितींत तेच आंकडे लिहून ठेवून. आंकडा मर्यादेंत आहे एवढ्यावर समाधान मानणारा तपासनीस मला आवडत नाहीं. तो गेल्या महिन्यापेक्षां कोणीकडे सरकला, हें विचारणारा खरा.

आणि चाकें. विमान आपटलें तर काय होतें? चाकाच्या वरील दांड्यांत तेल व वायु भरलेला असतो, तो बराचसा धक्का गिळतो. उरलेला पंखांच्या मुळाशीं जातो. मिस्त्री तेथें ओणवा होऊन पाहतो: पत्र्याला सुरकुती पडली आहे काय, रंगाला चीर गेली आहे काय, रिव्हेट ढिला झाला आहे काय. ढिला रिव्हेट डोळ्यांना ढिला दिसत नाहीं. पण तो आपल्या भोंकांत घांसत राहतो, आणि त्या घांसण्याची काळपट भुकटी वाऱ्यानें मागें ओढली जाऊन धुराची बारीक रेघ उमटते. कारागीर त्याला 'धूर सोडणारा रिव्हेट' असेंच म्हणतात. ही रेघ फडक्यानें पुसून टाकणें फार सोपें असतें, आणि विमान स्वच्छ दिसावें म्हणून पुसणारे भाबडे लोकहि असतात!

विमानावर धक्क्याची नोंद करणारीं यंत्रें असतात, हें खरें. तरीसुद्धां 'आज मीं जोरानें आपटलें' किंवा 'कांटा लाल रेघेपलीकडे गेला' हें सांगणारें तोंड लागतेंच. कोणत्या चाकावर, तिरकें कीं सरळ, हें यंत्रापेक्षां मुलाला अधिक ठाऊक असतें. आतां त्या मुलाच्या जागीं क्षणभर उभे राहा. शिक्षकाचा शेरा पुढें आहे. नापास झालों तर घरीं काय सांगूं, ही धास्ती आहे. गप्प राहिलें तर आजचा दिवस निभावतो. मात्र दुपारीं त्याच विमानांत दुसरा मुलगा बसणार असतो, आणि त्याला यांतलें कांहींच माहीत नसतें. म्हणून माझें स्पष्ट मत आहे कीं, ज्या शाळेंत चूक सांगणाऱ्यास फटकारतात तेथें कितीहि महाग दुर्बिणी आणल्या तरी विमानें आजारीच राहतील. जोरानें उतरण्याला शिक्षा कोणती द्यावयाची ती शिक्षकानें ठरवावी. सांगण्याला शिक्षा असतां कामा नये. ४ डिसेंबर २०२३ रोजीं दुंडीगलहून निघालेलें एक पिलाटस मेदक जिल्ह्यांत तूप्रानजवळ कोसळून शिक्षक व छात्र दोघेहि गेले. त्या घटनेवरून कोणा यंत्राला वा माणसाला येथें बसून दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु शिकाऊ विमानांत दोन जीव असतात आणि त्यांतला एक नुकता घरून आलेला असतो, एवढें तरी ध्यानांत राहावें.

शिकाऊ विमानाची आणखी एक रीत अशी कीं, तें उलटें होतें, गिरक्या खातें. मुलाला त्यांतून सांवरावयास शिकवावयाचें असतें. विमान उलटें झालें कीं फरशीवर राहिलेला स्क्रू, पेन्सिल किंवा पाना छपराकडे तरंगत जातो आणि परततांना नियंत्रणाच्या दांड्यांत अडकूं शकतो. यास्तव हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृति रंगवलेली असते. पाना उचलला कीं खालीं त्याची सांवली रिकामी दिसते. संध्याकाळीं एक जरी सांवली रिकामी राहिली, तरी तो पाना सांपडेपर्यंत त्यानें जेथें काम केलें तें विमान उडत नाहीं. साडेसहा आण्यांचा स्क्रू-पिळणा हरवला म्हणून कोट्यवधींचें विमान खोळंबतें, याचें हिशेबनिसाला हंसूं येतें; मिस्त्रीला येत नाहीं.

एचटीटी-४० च्या बैठकींविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. संकट ओढवलें तर बैठक वैमानिकासह बाहेर फेंकली जाते, आणि तीहि विमान जमिनीवर स्थिर उभें असतांनासुद्धां. अर्थात् साफसफाई करणाऱ्यालाहि ती तितक्याच इमानानें फेंकून देईल! म्हणून जमिनीवर असतांना तींत सुरक्षेच्या खिळ्या घालतात, त्यांना लांब लाल फिती बांधलेल्या असतात. उड्डाणापूर्वीं त्या काढून मोजून दाखवावयाच्या, उतरल्यावर पुन्हां मोजून घालावयाच्या. तींतील दारूच्या काडतुसांना तारखा असतात; एकदांहि न वापरतां तारीख संपली तरी तीं बदलावयाचीं.

हें सारें झाल्यावर वही येते. हवाई दलांत तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. काय पाहिलें, काय बदललें, इंधन किती, तेल किती, आणि कोणी पाहिलें, हें तींत लिहून खालीं सही करावयाची. नियंत्रणाच्या दांड्या उघडल्या असतील तर ज्यानें त्या जोडल्या त्याची सही पुरत नाहीं. ज्यानें हात लावला नाहीं अशा दुसऱ्यानें स्वतः पाहून दुसरी सही करावी लागते, कारण माणसाला स्वतःचीच चूक दिसणें फार कठीण. वैमानिक ही वही वाचतो, आपली सही करतो, आणि मगच विमान त्याचें होतें. उतरल्यावर तो जें घडलें तें लिहितो, आणि विमान पुन्हां मिस्त्रीचें होतें. नागरी शाळांतहि हीच शिस्त आहे. तेथें सरकारी परवाना असलेल्या अभियंत्याच्या सहीवांचून विमान हलत नाहीं.

शेवटचें उड्डाण संपलें कीं एंजिनाच्या तोंडांत लाल बोळे बसवतात, नाहींतर पहांटेपर्यंत चिमणी घरटें मांडावयास येते. प्रॉपेलरला पट्टा बांधतात, चाकांना लांकडी ठोकळे लावतात, बैठकींतल्या खिळ्या पुन्हां मोजतात. तेलाचा आंकडा एव्हांना वहींत चढलेला असतो. पानें मागें चाळून एक जण कालचा आणि परवांचा आंकडा पाहतो, आणि थोडा फरक दिसला तर उद्यां सकाळीं बोंडी काढून पाहावी, अशी पेन्सिलीनें खूण करून ठेवतो.